दादाचं पूरक टिपण

आमचा दादा उत्तरं लिहायचा. परीक्षेतली नव्हे, अर्थमंत्र्यांची. संसदेत कुणी खासदार कराबद्दल, महागाईबद्दल, सरकारच्या धोरणाबद्दल काही विचारणार असला की तो प्रश्न आधी लेखी मंत्रालयात यायचा आणि तिथल्या प्रश्न शाखेत, खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर, दादासमोर येऊन पडायचा. सव्वीस वर्षं हेच काम. मंत्री सात बदलले, टेबल तेच.

ती भाषा त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती की घरीही सुटायची नाही. वहिनीनं विचारावं, "दूध आणलंत का?" तर हा चष्मा पुसत म्हणणार, "हे अंशतः खरं आहे." म्हणजे सांगितलं होतं एक लिटर, आणलंय अर्धा. वहिनी कपाळाला हात लावायची आणि मी खो खो हसायचे. मला त्याचं भारी कौतुक होतं. आज मी जे सांगणार आहे ते मात्र कौतुकानं नाही, हे आधीच सांगून टाकते. राग माझ्या नाकावर असतो आणि तो मला लपवता येत नाही.

दादाचा डावा पाय जन्मापासून आखूड, चांगला चार बोटं. वडील साधे बूट शिवायचे. त्याच्यासाठी त्यांनी पहिल्यांदा बुटाच्या तळाखाली बुचाचे थर चिकटवले, वरून कातडं ओढून घेतलं, टाचेला उतार दिला. तीनदा उसवलं, चौथ्यांदा जमलं. दादा सरळ उभा राहिला तेव्हा आई भिंतीला टेकून रडली म्हणे. मग कुणी अपघातातून उठलेला आला, कुणाला लहानपणीच्या तापानं पाय गेलेला, आणि हळूहळू आमच्या दुकानात तेच काम उरलं. दादा त्या बुटांवर शाळेत गेला, कॉलेजात गेला, मंत्रालयाचे जिने चढला. मी वडिलांशेजारी स्टुलावर बसून आरी धरायला शिकले, आणि ते गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं.

दादा दर रविवारी दुपारी यायचा. वहिनीला डुलकी लागली की हा निघालाच. दाराशेजारच्या स्टुलावर बसायचा, बूट काढायचा, आणि मी काम करता करता बोलत राहायचे. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबत नाही. घरमालक काय म्हणाला, समोरच्या शिंप्यानं कुणाची बाही उलटी लावली, कुठलं गिऱ्हाईक कसं वागलं, सगळं. माझं दुसरं कोणी नव्हतं. मला नवरा नाही, मूलबाळ नाही, दादा हेच माझं माहेर.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात चैनीच्या वस्तूंची नवी यादी आली. अत्तरं, उंची घड्याळं, आणि त्यांच्या खाली एक ओळ: "मापावर बनवून घेतलेली पादत्राणे." झालं! बड्या लोकांच्या गुळगुळीत बुटांसाठी लिहिलेल्या त्या ओळीत माझे बुचाचे बूटही अडकले. ते मापाशिवाय होणार कसे? कर इतका चढा की गिऱ्हाइकं दारातूनच मागे फिरायला लागली. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्या फाटक्या तळाला पुठ्ठा लावून चालायला लागल्या, तेव्हा मी उठले आणि आमच्या भागाच्या खासदारबाईंकडे गेले. असंच वर्षभर चाललं असतं तर दुकानाला टाळं लागणार होतं.

खासदारबाई ऐकणाऱ्या निघाल्या. त्यांनी प्रश्न दिला. चालण्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर बनवलेले बूट त्या यादीतून वगळणार काय, असा. तोंडी उत्तराचा, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहूनच बोलायला लागणार.

रविवारी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "आलाय तो. माझ्याच टेबलावर आहे."

मी हातातली आरी खाली ठेवली आणि त्याच्या गळ्यातच पडले. म्हटलं, सुटलो! घरचा माणूस आत बसलाय, आता कसली काळजी?

"उत्तर वरून ठरतं गं," तो म्हणाला. "मी पूरक टिपण करतो."

ते काय असतं, तर छापील उत्तर वाचून झालं की खासदार तिथल्या तिथे उलटे प्रश्न टाकतात. त्यातलं काय काय येऊ शकेल हे आधी ओळखून मंत्र्यांच्या हातात कागद द्यायचे. दादाचा यात हात धरणारा कोणी नव्हता, असं तोच सांगायचा. पण सव्वीस वर्षांत त्याची टिपणं बहुतेक न उघडताच परत यायची. मंत्री आपले वेळ मारून न्यायचे. "मंत्री सभागृहात आ वासून उभा राहता कामा नये," हे मात्र दादा असं म्हणायचा, जसा एखादा डॉक्टर रोग्याबद्दल म्हणेल.

तीन रविवार त्यानं मला विचारलं आणि मी दिलं. वडिलांच्या हातच्या मापाच्या वह्या, हाडाच्या डॉक्टरांची पत्रं, कुणाला किती बोटांची उंची लागते ते. तो चौकोनी अक्षरात उतरवून घेत होता. तिसऱ्या रविवारी कागद पिशवीत गेले, पेनाला टोपण लागलं, चहा झाला. बूट घालता घालता त्यानं सहज विचारलं, "अगदी हौसेखातर कुणी येतं का गं तुझ्याकडे?"

"अरे, एकच आला आजवर!" मी म्हटलं. "लग्न ठरलं होतं त्याचं. नवरी दोन बोटं उंच, म्हणून फोटोत बरं दिसावं तर टाच वाढवून द्या म्हणाला. पाय दोन्ही सारखे, अक्कल तेवढी आखूड!"

दादा मान मागे टाकून हसला. मीही हसले. तेव्हा त्याच्या हातात पेनसुद्धा नव्हतं.

प्रश्नाच्या दिवशी खासदारबाईंनी दोन पास पाठवले. मी आणि चित्रकलेच्या बाई प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. बाईंनी पुठ्ठ्याचा बूट बाकाखाली ओढून घेतला होता. समोरच्या बाजूला अधिकाऱ्यांची जागा. तिथे दादा, इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून. मी हात हलवला. त्यानं पाहिलं नाही.

आमचा नंबर पुकारला. अर्थमंत्री उठले, पाण्याचा घोट घेतला आणि छापील उत्तर वाचलं. मापावर बनवलेल्या पादत्राणांवर कर आहे हे खरं आहे; त्यातली औषधोपचाराची किती याची वेगळी नोंद ठेवली जात नाही; सबब वगळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आवाज असा की जणू बसचं वेळापत्रक वाचतोय.

मग खासदारबाई उठल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "अध्यक्ष महाराज, ज्याच्याशिवाय माणसाला स्वतःच्या घरात चार पावलं चालता येत नाही ती वस्तू चैनीची कशी, एवढंच मंत्रिमहोदयांनी सांगावं."

सरकारच्या बाकांवरचा एक म्हाताराही मान हलवताना मी पाहिला. मंत्री कागद चाळायला लागले. चाळता चाळता थांबले. अरे, सापडत नाहीये ह्याला उत्तर! मी बाईंचा हात घट्ट धरला. आत्ता म्हणेल, विचार करतो. आत्ता म्हणेल.

मंत्र्यांनी चष्मा काढला आणि हसले.

"अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्यांना या बुटांची गिऱ्हाइकं ठाऊक नाहीत असं दिसतं. माझ्याकडे माहिती आहे. एक नवरदेव नवरीपेक्षा उंच दिसावं म्हणून टाच वाढवून घेऊन गेले. हे बूट बनवणाऱ्या कारागीर भगिनीच म्हणतात, पाय दोन्ही सारखे, अक्कल तेवढी आखूड! आता आखूड अकलेलाही सरकारनं करात सूट द्यायची काय?"

सभागृह कोसळलं. बाकं वाजली. तो मान हलवणारा म्हाताराही डोळे पुसून हसत होता. माझं वाक्य, माझ्या दुकानात, माझ्या भावाला सांगितलेलं, त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडत होतं. मी समोर पाहिलं. दादाचे ओठ हलत होते. लहान मूल नाटकात दुसऱ्याचं भाषण पाठ म्हणतं तसा तो मंत्र्यांबरोबर शब्द न् शब्द पुटपुटत होता, आणि "आखूड" आलं तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला की तसा मी जन्मात पाहिला नव्हता.

केसानं गळा कापला माझ्या भावानं, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

खासदारबाई उभ्याच होत्या. त्यांनी वर सज्जाकडे, माझ्याकडे पाहिलं. मला हे का नाही सांगितलंत, असं ते पाहणं होतं. मग त्या बसल्या. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला, साखरेच्या आयातीचा. सगळं मिळून चार मिनिटंही झाली नसतील.

बाईंनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला. "आमच्याबद्दल असं बोलता तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"अहो नाही, बाई, ते त्या एकट्याबद्दल..."

पण त्या उठल्या होत्या. कठडा धरून पायरी पायरी उतरत गेल्या, आणि त्या पुन्हा माझ्या दुकानात आल्या नाहीत.

दादा मला बाहेरच्या जिन्यावर भेटला. धापा टाकत आला होता. "ऐकलंस? अक्षर न् अक्षर! सचिवांनी पाठ थोपटली माझी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गं!"

"ते माझं वाक्य होतं, दादा."

"हो, मग! तसंच लिहिलं होतं, कारागिराच्या शब्दांत म्हणून." तेव्हा कुठे त्याला माझा चेहरा दिसला. "अगं, पण सहा पानं तुझ्याच बाजूची होती. डॉक्टरांची पत्रं, मापं, सगळं. त्यांनी नेमकी तेवढीच ओळ उचलली, त्याला मी काय करू?"

"ती ओळ लिहिलीसच कशाला?"

"कुणी विचारलं असतं तर? टिपण पुरं असायला हवं."

"पुरं?" जिन्यावरचे लोक वळून बघायला लागले, बघू देत. "मग त्यात तू होतास का? अर्थमंत्र्यांचं उत्तर लिहिणारा माणूस याच बुटांवर उभा आहे, हे होतं का तुझ्या सहा पानांत?"

त्याला खरंच नवल वाटलं होतं. "वैयक्तिक बाबी टिपणात घालत नाहीत," तो म्हणाला.

मी एवढी भांडखोर बाई, पण पाठ फिरवून जिना उतरले. मी घरी आले आणि भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा.

ओळ यादीत राहिली ती राहिलीच. वृत्तपत्रात तो विनोद चौकटीत छापून आला. गिऱ्हाइकं आणखी तुटली. काही करापायी, काही त्या चौकटीपायी. दादा रविवारी येत राहिला. त्याला वाटलं, चार दिवसांत राग निवळेल, नेहमीसारखा. तो स्टुलावर बसायचा आणि विचारायचा, "मग, काय म्हणतंय दुकान?" मी म्हणायचे, "बरं चाललंय." तो म्हणायचा, "आणि शिंपी?" मी म्हणायचे, "बरा आहे." आणि आरी उचलायचे. भांडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. पण बोलायला तोंड उघडलं की मला त्याचे ते हलणारे ओठ दिसायचे.

मग वहिनीच्या दुखण्यानं त्याचे दोन महिने रविवार चुकले. पुन्हा आला तेव्हा दारातच थबकला. शिलाईचं यंत्र नव्हतं. फळ्या रिकाम्या. बुचाचे तुकडे एका कोपऱ्यात झाडून ठेवलेले.

"अगं, हे काय?"

"बंद करतेय. उद्या किल्ली द्यायची."

"कधी ठरलं हे?"

"झाले दीड-दोन महिने."

तो खाली बसला. मी आतून खोकं आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "दोन जोड केलेत तुझे. बूच चांगलं आहे, भिजवू नकोस. जपून वापरलेस तर पाच-सहा वर्षं जातील. तोवर कुणीतरी दुसरं शोध."

त्यानं एक जोड तिथेच घातला आणि खोलीभर चालून पाहिला. माझी नजर सवयीनं त्याच्या खांद्यांवर गेली. खांदे एका रेषेत होते. कामात मी रागाला येऊ दिलं नव्हतं.

"मी मुद्दाम नाही गं केलं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग बोल ना पहिल्यासारखं. शिव्या घाल, पण बोल."

"मला तुझी भीती वाटते, दादा," मी म्हटलं. "माझ्या सख्ख्या भावाशी बोलायची मला भीती वाटते."

त्याचे डोळे भरले. माझेही भरले असतील, मी काही आरशात पाहायला गेले नाही. तो पायातल्या बुटांकडे बघायला लागला. मग त्यानं विचारलं, "उद्यापासून काय करणार तू? कामाला कुठे जाणार, तेवढं तरी सांग."

समोरच्या शिंप्याला ते माहीत होतं. घरमालकाला माहीत होतं. वहिनीलासुद्धा मी फोनवर सांगितलं होतं, ह्याला सांगू नको अशी शपथ घालून. मी त्याचे जुने बूट आणि दुसरा जोड खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि खोकं त्याच्या हातात दिलं.

मी सांगितलं नाही.