पुडीगुरुजी

बाजारातून मीठ-मिरची आणली की आमचे गुरुजी आधी पुडीचा कागद बघत आणि मग आतला जिन्नस. वर्तमानपत्राचा छापील तुकडा निघाला की स्वारी खूश. वाण्याने कोऱ्या कागदात बांधून दिलं तर तोंड एवढंसं. पोलादपूरपासून डोंगरात आत आमची वाडी, आणि वाडीच्या देवळात आमची शाळा. पोरं त्यांना तोंडावर गुरुजी म्हणत, पाठीमागे पुडीगुरुजी. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

शाळेत क्रमिक पुस्तक एकच. त्यातले धडे मोठ्या भावंडांकडून ऐकून पोरांना आधीच पाठ झालेले असायचे. "हे म्हणणं झालं, वाचणं नव्हे," गुरुजी म्हणायचे. मग ते प्रत्येकाच्या हाती पुडीचा एकेक कागद देत. त्यावर साबणाची जाहिरात असे, कुणाच्या लग्नाची बातमी, नाहीतर मधेच फाटलेली गोष्ट. "गुरुजी, पुढं काय झालं?" असं विचारलं की हात झटकत, "मला काय ठाऊक? वाण्याला विचारा!"

अशीच एका जहाजाची गोष्ट भर वादळात फाटली. पुढचा भाग आमच्या घरच्या हळदीच्या पुडीवर असणार, अशी माझी खात्री झाली. घाईघाईने पुडी सोडली आणि हळद सांडली ती थेट दुधात. जहाज काही सापडलं नाही, मार मात्र मिळाला. गुरुजींना सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन आईला म्हणाले, "वहिनी, यात निम्मा अपराध माझा आहे."

वाचण्यात मी सगळ्यांत हळू. अक्षराला अक्षर लावत, बोट ठेवून चालायची. त्या वर्षी बाबांनी आईला बजावलं होतं, "डिपोटीनं पास केली तर ठीक. नायतर पोर घरी ऱ्हाईल, गुरं राखील." डिपोटी म्हणजे वर्षातून एकदा शाळा तपासायला येणारे साहेब. मी ते रडत रडत गुरुजींना सांगितलं. त्यांनी माझ्या हाती पुडीचा आणखी एक कागद दिला.

साहेब आले. हुशार म्हणून वाडीत गाजलेल्या गणूने धडा घडाघडा वाचून दाखवला. माझी पाळी आली आणि मी पहिल्याच ओळीत अडखळले. साहेबांनी पुस्तक काढून घेतलं. "हिला येत नाही."

वर्गाचा निकाल म्हणजे मास्तरची भाकरी. तरीही गुरुजी पुढे झाले. "साहेब, पुस्तक मिटा आणि गणूला पुन्हा वाचायला सांगा."

साहेबांनी पुस्तक मिटून गणूपुढे धरलं. गणूने मिटलेल्या पुस्तकाकडे बघत सबंध धडा वाचला!

साहेबांनी पिशवीतून आपलं वर्तमानपत्र काढून गणूपुढे धरलं. गणू त्याच्याकडे बघतच राहिला. मग ते माझ्यापुढे आलं. कुठल्याशा नदीवर पूल होणार असल्याची बातमी होती. मी बोट ठेवलं. फार वेळ लागला, पण शेवटच्या शब्दापर्यंत पोचले. साहेब म्हणाले, "पास."

वर्गाला मात्र वाईट शेरा मिळाला, आणि गुरुजींची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. माझ्यापायी त्यांनी हे ओढवून घेतलं, याचं मला आज म्हातारपणीही वाईट वाटतं. त्यांना स्वतःला काही वाटलेलं दिसलं नाही. गणूलाही ते रागावले नाहीत. जाताना त्याच्या खिशात चार चांगले कागद घालून गेले.

त्या दिवशी बाबांनी कुणी न सांगता त्यांची ट्रंक डोक्यावर घेतली. "अहो, मी गडी सांगितलाय," गुरुजी म्हणाले. "ऱ्हाऊ द्या, मास्तर," एवढंच बोलून बाबा पोलादपूरच्या मोटारीपर्यंत चालत गेले. परतले ते दिवेलागणीला. जेवता जेवता मला म्हणाले, "निज गो लवकर. सकाळी शाळा हाय."

नवे मास्तर अजून यायचे होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी सकाळी ते मला देवळापर्यंत सोडायला आले.