फिरतीवरचा चहा

बियाण्यांच्या कंपनीसाठी मी जिल्हाभर फिरतो. सकाळी नांदुऱ्याहून निघालो की रोहिणखेड, मोताळा, मग घाट चढून चिखली, उंद्री. प्रत्येक दुकानात आधी चहा येतो, धंद्याचं बोलणं नंतर. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती चहा होतात? मला सांगताच येईना. त्यांनी चहा बंदच करायला लावला.

दुसऱ्या दिवशी रोहिणखेडच्या दुकानदाराला मी हात जोडून नको म्हटलं. त्याचा चेहरा पडला. "काऊन साहेब, राग आला काय आमचा?" बिनसाखरेचा मागावा, तर टपरीवरच्या पातेल्यात साखर आधीच उकळलेली असते. मी मुकाट्याने कप उचलला, आणि मग ऑर्डरचं बोलणं सुरू झालं. पुढच्या प्रत्येक दुकानात हेच.

संध्याकाळी घरी आलो. बायकोने मुद्दाम बिनसाखरेचा चहा मांडला होता. मी म्हटलं, "नको, डॉक्टरांनी बंद केलाय."

ती थोडी हिरमुसली, पण राग आला काय, असं तिने विचारलं नाही. तो चहा तीच प्यायली. अख्ख्या जिल्ह्यात मला नाही म्हणता येतं, असं हे एकच घर आहे.