गच्चीवरचा चुना

दुपारी गच्चीवर अनवाणी गेलो. जुन्या चुन्याच्या पांढऱ्या तुकड्यावर पाय टेकत होता. शेजारच्या काळ्या सिमेंटवर चटका बसला. उत्तर ध्रुवाकडेही असंच होतं. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो वितळला की उघडं पडलेलं गडद पाणी ऊन साठवतं आणि उरलेला बर्फही वितळवतं. म्हणून तिथं बाकीच्या जगाहून झपाट्याने तापतं.

होळीनंतर बाबा गच्चीला चुना द्यायचे. भर दुपारी आम्ही तिथं अनवाणी खेळायचो. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

"यंदा चुना कधी रे? की बापाला भाजूनच काढणार?" ते हसत म्हणाले.

"पुढच्या वर्षी बघू, बाबा."

गच्चीखालचीच खोली त्यांची. डोक्यावर ओला पंचा घेऊन त्यांनी तो उन्हाळा काढला. पुन्हा विचारलं नाही. पुढच्या होळीला ते नव्हते.

आज चुना भिजवलाय. सुरुवात त्यांच्या रिकाम्या खोलीवरून करणार आहे.