पंक्चरवालाच

इथे परदेशात पहिला बर्फ पडायच्या आत गाडीला बर्फावर न घसरणारे टायर बसवावे लागतात. काल मी घरासमोर तेच करत होतो. फोन पायरीला टेकवून ठेवला होता आणि गावाहून माझे वडील, अण्णा, बघत होते. बसडेपोत उभी हयात टायर बदलून त्यांनी मला शिकवलं.

"शेजारशेजारचे नट आवळू नकोस रे. समोरासमोरचे घे, चाक सरळ बसतं."

तेवढ्यात शेजारचे मराठी गृहस्थ हसत आले. "काय इंजिनिअरसाहेब, एवढं शिकून शेवटी पंक्चरवालेच झालात की!"

हातातला पाना थांबला. फोन चालूच होता. त्या 'शेवटी'पेक्षा मला त्या 'च'ची चीड आली. एका अक्षरात माणसाची हयात चिरडता येते. उद्या हेच गृहस्थ मुलांना मागे बसवून निसरड्या रस्त्यावर निघतील, ते कुणाच्या भरवशावर? कुणा पंक्चरवाल्यानेच नट नीट आवळलेत म्हणून ना?

आणि मी तरी कोण मोठा? कॉलेजात वडिलांचं काम विचारलं की "डेपोत असतात" एवढंच सांगून गप्प बसायचो.

मी फोन उचलून शेजाऱ्यांसमोर धरला. "हो, पंक्चरवालाच. हे माझे वडील. यांनीच शिकवलं."

गृहस्थांचं हसू मावळलं. अण्णांनी त्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "बोलण्याच्या नादात एक नट राहिला बघ. आधी तो आवळ."