कॉपी झाल्यावर

धाड गावच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या घरचा जुना सर्व्हर, म्हणजे घरभराचे फोटो आणि आवाज साठवणारा कॉम्प्युटर, फार हळू झाला होता, म्हणून तो मी त्याच्याकडे नेला. वारलेल्या आबांनी सांगितलेल्या गोष्टींची रेकॉर्डिंगं फक्त त्यातच होती.

त्याने झाकण काढलं, ब्रशने पंख्याची धूळ झाडली आणि चालू हार्डडिस्कला कान लावून डोळे मिटले. काय ऐकतोय, याचं मला कुतूहल वाटलं.

"डिस्क चांगली हाय. सिस्टिम तेवढी नव्या एसएसडीवर, म्हंजे फास्ट डिस्कवर, टाकतो, मंग धावते पाहा. पण आधी सगळ्याची कॉपी."

तासाभराने कॉपी झाली. "लावा आता एसएसडी," मी म्हणालो.

"काऊन घाई करता भाऊ? कॉपी झाली असं मशीन म्हणते. तुम्ही कुठं ऐकली?"

"सगळं ऐकत बसू?"

"एक तरी पुरं ऐका. त्याबिगर मी हात लावत नसतो."

त्याने हेडफोन दिला. आबा विहीर खणल्याची गोष्ट सांगत होते. पाणी लागायच्या आधीच मध्ये माझा आवाज आला, "आबा, आटपा लवकर. मले बस पकडायची हाय." आबा म्हणाले, "हाव, जाय बापा." तिथेच रेकॉर्डिंग संपलं. इतक्या वर्षांत मी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

"आली का पुरी?" त्याने विचारलं.

"कॉपी पुरी आहे," मी म्हणालो. "गोष्ट मीच अर्धी तोडली."

त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"मंग दुसरी लावा," तो म्हणाला. "मले काही घाई नाही."