नात्याचा रकाना

रकाना मोकळा ठेवायचा नाही, ही माझी तीस वर्षांची खोड. वास्कोला बंदराजवळच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होते. एका मोकळ्या रकान्यापायी कोणाचा अर्ज परत करताना मला कधी वाईट वाटलं नाही. "भरून आण रे बाबा," म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची. निवृत्त होऊन नार्व्याला घरी आले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची या कागदांतून. कसली सुटते!

आमच्या घरामागच्या खोलीत तेव्हा एक कुटुंब भाड्यानं राहायचं. नवरा दोडामार्गचा, खाणीवर ट्रक चालवायचा. एकच मुलगी. ती तिसरीत असताना तिची आई काविळीनं गेली. पुढं खाणीचं काम थांबलं, तसा बाप लांब कुठंतरी ट्रकवर गेला. दोन चवथींना, गणपतीला, घरी आला, तिसऱ्या चवथीला त्याचा फोनही लागेना. नातेवाइकांत विचारून पाहिलं, तर ज्याला त्याला आपापली अडचण. शेवटी मुलांची काळजी वाहणाऱ्या सरकारी समितीनं चौकशी केली आणि मुलीला माझ्याकडं राहायला दिलं. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मी कपाटात ठेवलाय. आता ती नववीत आहे.

ती मला मावशी म्हणते. इथं याचं कोणाला नवल नाही. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची बायको मावशी, देवळात फुलं विकणारी मावशी, बसमध्ये सरकून जागा देणारी तीही मावशी. आईच्या वयाच्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय?

मुलगी हुशार. धडा मी एकदा वाचून दाखवला की तिला पाठ. पण स्वतः वाचायला बसली की अक्षरं तिच्यापुढं जागा बदलतात. 'सकाळ'चं 'कसाळ' होतं, जोडाक्षर आलं की घाम फुटतो. मी आधी ओरडायचे, आळस समजायचे. मग शाळेतल्या एका बाईंनी मला बोलावून नीट समजावलं. हा आळस नव्हे, हिची रीतसर तपासणी करून घ्या, दाखला मिळाला की दहावीच्या परीक्षेला जास्त वेळ मिळेल, लागलाच तर लिहायला माणूसही मिळेल. नाही मिळाला तर ही तीन तासांत अर्धा पेपरसुद्धा लिहिणार नाही. नापास होईल आणि शाळा सुटेल, एवढं मला न सांगताच कळलं.

"सही कुठं करू?" मी विचारलं.

"तिथंच तर घोळ आहे," त्या म्हणाल्या. "सही पालकाची हवी."

मी प्लॅस्टिकमधला कागद पुढं केला. तो चालेना! तो म्हणे राहण्याजेवण्यापुरता. शिक्षणाच्या कागदांवर सही करायला वेगळा पालक नेमून घ्यावा लागतो, त्याचा वेगळा अर्ज, वेगळी कचेरी. म्हणजे मुलीला पेज मी वाढायची, ताप आला तर कपाळावर पट्ट्या मी ठेवायच्या, पण तिला वाचता येत नाही हे लिहून द्यायचा अधिकार मला नाही. आहे की नाही कमाल?

अर्ज आणला. नाव, पत्ता, वय, सगळं सुवाच्य अक्षरात भरलं. एका ठिकाणी होतं, 'विद्यार्थ्याशी नाते'. रकाना मोकळा ठेवायचा नाही! हात आपोआप चालला आणि मी लिहून टाकलं, 'मावशी'. डिचोलीला जाऊन अर्ज दिला, त्यावर शिक्का बसला, आवक नंबर पडला. मी खुशीत घरी आले.

आठ दिवसांनी बोलावणं. कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसलेली बाई माझ्या भाचीच्या वयाची असेल, बोलायला गोड.

"मॅडम, तुम्ही मावशी आहात. मग नेमणुकीचा प्रश्नच नाही. ज्या मुलांचं कोणी नसतं त्यांच्यासाठी ही नेमणूक. तुम्ही मावशी असल्याचा पुरावा आणा आणि सही करा."

"पुरावा कुठून आणू? मी हिच्या आईची बहीण नव्हे."

"मग मावशी का लिहिलंत?"

"ती म्हणते म्हणून!"

"मग मॅडम, हे खोटं झालं ना?"

खोटं! मला! तीस वर्षांत एक खोटं अक्षर लिहिलं नाही मी. मस्तकात तिडीक गेली. पण तिचं काय चुकलं? तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, आणि इतकं गोड तर मुळीच बोलले नसते.

"तेवढा शब्द खोडून देते," मी म्हटलं.

"खाडाखोड चालत नाही."

हे माझंच वाक्य. शब्दन् शब्द माझा.

नवीन अर्जही चालेना, कारण जुन्यावर नंबर पडला होता. मग साहेबांना विचारून तिनं वाट काढली. मी लिहून द्यायचं की माझं या मुलीशी काही नातं नाही. आणि मुलगी मोठी आहे, म्हणून तिनंही तसंच, आपल्या हातानं, इथं बसून लिहायचं. शुक्रवारी चारच्या आत. त्यानंतर दिलं तर नेमणूक होऊन शाळेचे कागद वेळेत तपासणीला गेले नसते.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिला घेऊन तशीच गेले. बस उशिरा आली, पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. माझं मी दोन मिनिटांत खरडलं. मग तिला मेजाशी बसवलं आणि त्या बाईनं सांगायला सुरुवात केली, "सदर बाई माझी मावशी नाही. त्यांचे व माझे काहीही नाते नाही."

पेन थांबलं. मुलगी माझ्याकडं बघायला लागली.

"मावशे, असा कित्याक लिवूचा?"

"लिही गो. कागदापुरतं."

लिहिलं तिनं. 'सदर'चं 'सरद' झालं. दुसरा कागद. 'मावशी' बरोबर आलं आणि 'त्यांचे'पाशी अडकली. तिसरा कागद. चौथा. भिंतीवरचं घड्याळ पावणेचार दाखवत होतं, पंखा कागद उडवत होता, माझा जीव वरखाली. शेवटी राहवलं नाही आणि मी सगळ्यांदेखत ओरडले, "एक ओळ लिहायला किती वेळ लावशील गो?"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. हिला वेळ लागतो, हिला जास्त वेळ द्या, एवढंच मागायला तर मी इतके खेटे घातले होते. आणि पहिला नकार मीच दिला. अशी लाज वाटली म्हणून सांगू! पोरीनं मान खाली घातली होती, कागदावर एक थेंब पडला आणि तोही कागद बाद झाला.

कदेलीवरची बाई उठली, पाचवा कागद तिच्यापुढं ठेवला आणि मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा. तिला लिहू दे. साहेबांना मी थांबवते."

मी व्हरांड्यात बसले. जनेलाच्या गजांतून तिची फक्त वेणी दिसत होती. चाराला पाच कमी असताना ती बाहेर आली, बोटांना शाई लागलेली. कागद पोचला होता.

बसस्टँडवर तिला विचारलं, भूक लागली का. नाही म्हणाली. नार्व्याची बस लागली तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "चला बाई, बस इली."

मला वाटलं, चुकून म्हणाली. पण घरी आल्यावरही तेच. मावशी हा शब्द गेला तो गेलाच. "च्या झाली." "दारात कोण तरी इलाहा." हाक म्हणून नाहीच. ओरडले म्हणून रागावली असेल, असं धरून मी दोन दिवस गप्प बसले. पोदेराकडून तिच्या आवडीचे उंडे पाव आणले, ते खाल्ले, तरी तेच. तिसऱ्या दिवशी माझा संयम संपला. "तोंडाला काय झालं गो तुझ्या? मावशी म्हणायला जीभ झिजते?"

"लिवन दिलंय मगे," ती म्हणाली. "सही पण केलंय."

अगदी साधेपणानं म्हणाली, रागानं नव्हे. कचेरीत लिहून दिलं म्हणजे तसंच वागायला हवं, असं तिला वाटलं होतं. आणि हे तिला शिकवलं कोणी? मीच! कागदावरचं खरं, तोंडचं खरं नव्हे, हे ऐकत तर ती माझ्या घरात मोठी झाली. मी "कर्म माझं" म्हटलं आणि पाठमोरी होऊन भांडी घासत बसले. डोळे पुसायला हातही कोरडा नव्हता.

पंधरा-वीस दिवसांनी पोस्टमननं लिफाफा दिला. पायरीवर ती बसली होती, तिच्याच हातात पडला. मी घ्यायला गेले तर म्हणाली, "मी वाचतंय."

वाचू लागली. अक्षरावर बोट ठेवून, मागं जाऊन, पुन्हा पुढं येऊन. 'विद्यार्थिनी' या शब्दाशी तिनं चारदा झटापट केली. माझ्या ओठांवर शब्द येत होता, तो मी दातांखाली धरून ठेवला. चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला, तरी उठले नाही. जाऊ दे दूध. सदर विद्यार्थिनीच्या शिक्षणासंबंधीच्या सर्व बाबतींत पालक म्हणून, आणि पुढं माझं नाव, माझ्या नावाखाली गाव.

"म्हणजे सही आता तूच करतलंस?"

"होय."

"आणि परीक्षेक वेळ गावतलो?"

"तपासणी होऊ दे. मग गावतलो."

तिनं कागदाची नीट घडी केली, लिफाफ्यात घातली. मग लिफाफ्याकडंच बघत विचारलं, "मगे आता तुका काय म्हणू?"

"मावशी म्हण गो बाय," मी म्हटलं. "फक्त कुठं लिहू नको."