कोरडा पाइप द्यायचा नाही

नाना गेले त्याला आता आठ महिने होतील. भेटायला येणारे अजूनही हेच सांगतात, की नानांच्या दुकानातला पाइप कधी दगा देत नाही. मी मान हलवते आणि चहा ठेवायला आत जाते.

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं दुकान जळगावात, अजिंठा चौफुलीच्या थोडं पुढे आहे. जेसीबी, पोकलेन, ट्रॅक्टरची ट्रॉली, धरणगावकडच्या जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेस, या सगळ्यांत जोराच्या दाबाने तेल वाहून नेणारे रबरी पाइप असतात. ते फुटले की माणसं फुटका पाइप खांद्यावर टाकून आमच्याकडे येतात. त्याच मापाचा नवा पाइप कापायचा, दोन्ही टोकांत लोखंडी तोंडं बसवायची, त्यांच्यावरची कडी मशीनमध्ये धरून चहूबाजूंनी दाबायची. एकदा दाबली की ती सुटता कामा नये. हे दाबणं म्हणजे दुकानातलं मानाचं काम, आणि ते नानांचं. मापं घेणं, पाइप कापणं, बिलं लिहिणं माझं.

लग्न मोडून मी परत आले तेव्हा माझ्याकडे मराठीची एम.ए. होती आणि कनिष्ठ महाविद्यालयातली तासिकांची नोकरी होती. दोन वर्षांनी तासिका बंद झाल्या आणि मी दुकानात बसू लागले. नाना मला गिऱ्हाइकांसमोर मास्तरीण म्हणायचे. नाव घेऊन त्यांनी मला हाक मारल्याचं त्या वर्षांतलं आठवत नाही.

मशीन दाबायला मी नुसतं बघून शिकले. दुपारी नाना मागच्या खाटेवर आडवे झाले की एखादा पाइप मी दाबून द्यायची. तो त्यांचाच म्हणून जायचा. एकदा ते लवकर उठले. माझ्या हातातला नुकता दाबलेला पाइप त्यांनी घेतला, कटरच्या पात्यावर धरला आणि मधोमध कापला. समोर एक जेसीबीवाले आबा पाइपची वाट बघत बसले होते.

"नाना, चांगला दिसत होता की," आबा म्हणाले.

"सासरी टिकनी नही, तिना पाइप काय टिकई?" नाना नेहमीच्या अहिराणीत म्हणाले.

आबा हसले. मग माझ्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं. मी दोन्ही तुकडे उचलले आणि नवा पाइप मापाला लावला.

त्याच सुमारास नानांच्या हाताला कंप सुरू झाला होता. दिवाळीनंतर मशीन धुळ्याला जाणार असं त्यांनी जाहीर केलं. तिथे माझ्या आत्याच्या मुलाचं टायरचं दुकान आहे. त्याने पाइपच्या धंद्यात कधी हात घातला नव्हता, पण तो पुरुष होता. मशीन गेलं की माझ्याकडे बिलबुक उरणार आणि काही दिवसांनी तेही नाही. मला ते मशीन हवं होतं. आयुष्यात इतकं स्पष्टपणे मला दुसरं काही हवंसं वाटलेलं नाही.

अशात इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं आली. त्यांनी वर्षभर खपून शर्यतीची गाडी बांधली होती. एकच माणूस बसेल एवढी, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर मोटरसायकलचं इंजिन. इंदूरकडे कॉलेजांची शर्यत होती, तिथे न्यायची. ब्रेकचे चार पाइप तेवढे अडले होते. बोटाएवढे बारीक, आत टेफ्लॉनची नळी, वरून स्टीलच्या तारांची वीण. सामान त्यांनी पुण्याहून आणलं होतं. त्यांची कॅप्टन साक्रीकडची मुलगी होती, आणि गाडी तीच चालवणार होती. शेवटचं वर्ष होतं, म्हणजे तिला पुन्हा संधी नव्हती. हे तिने पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं.

नानांनी तो बारीक पाइप चिमटीत धरून बघितला. "खेळणं शे हाई. मास्तरीण करी देई."

असं माझ्या नावाचं पहिलं काम मला मिळालं. बारीक मापाची कडी दाबणाऱ्या मशीनच्या पट्ट्या मी आधीच मागवून ठेवल्या होत्या. तीन दिवस लागले. या कामात तारांची टोकं सुटू न देता कापावं लागतं, एक तार जरी आत दुमडली तरी पाइप वाया जातो. मी आधी सहा वाया घालवले, मग चार नीट उतरले. सोबत ब्रेकच्या कंपनीचं माहितीपत्रक मी छापून घेतलं होतं, ते ओळ न् ओळ वाचलं. मुलगी रोज संध्याकाळी यायची, माझ्या हाताकडे बघत बसायची. "ताई, तुम्ही हे कॉलेजात शिकलात?" तिने विचारलं. मी म्हटलं, कॉलेजात मी कविता शिकवायची. ती किती तरी वेळ हसत होती.

चौथ्या दिवशी नानांनी चारही पाइप दोनदा मोजले. कडीवर नख फिरवून बघितलं. खोट सापडली नाही. म्हणाले, "टेस्ट मी करसू."

आमच्याकडे प्रत्येक पाइप गिऱ्हाइकासमोर तपासून देतात. हातपंपाला जोडायचा, आत तेल भरायचं, दाब चढवायचा आणि काटा हलत नाही ना ते बघायचं. तपासून झाल्यावर पाइप पुसायचा तो बाहेरून. आतला तेलाचा ओलावा तसाच ठेवून टोकांना बुचं लावायची. कोरडा पाइप गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा नानांचा नेम होता. जेसीबीसाठी तो बरोबरच होता. तिथे तेच तेल पाइपात खेळतं.

मी हळूच म्हटलं, "नाना, ब्रेकला हे तेल चालत नाही. ब्रेकमधलं रबर वेगळं असतं, या तेलाने फुगतं. पत्रकात लिहिलंय."

नानांनी पंपाचा दांडा धरला होता. "पोथी वाचीसन पाइप बनस का? चाळीस वरीस झाले माले. आते हाई माले तेल शिकाडाले निंघनी!"

मुलं हसली. ती मुलगी हसली नाही. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, चालेल ना पण?"

मागच्या कपाटात स्पिरिटची बाटली होती. आतून धुऊन हवा मारली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. नाना जेवायला गेल्यावर मी ते सहज करू शकले असते, तिला बाजूला घेऊन नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्या क्षणी मला फक्त नानांचा चेहरा दिसत होता, गिऱ्हाइकांसमोर चुकलेला. तो बघायची मला फार घाई झाली होती.

"नानांना विचार," मी म्हटलं. "त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

बुचं मीच लावली. चारही पाइपांना, दोन्ही टोकांना. रबर फुगलं की ब्रेक फार तर जाम होईल, गाडी उभी राहील, एवढंच मी धरून चालले होते. कोणत्या वेगात जाम होईल, आधी एकाच बाजूचं चाक धरलं तर काय होईल, हे मला माहीत नव्हतं. मी ते शोधलंही नाही. एरवी मी शब्दकोशात एकेका शब्दासाठी तासभर घालवते.

दहा-बारा दिवसांनी ती मुलगी एकटीच आली. दुकानात जेसीबीवाले आबा होते, आणखी दोघे होते. तिने काउंटरवर माझे पाइप ठेवले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेलं एक रबराचं चाकीसारखं सील ठेवलं. ते फुगून मऊ पडलं होतं. शर्यतीआधी तिथे ब्रेकची परीक्षा असते. गाडी वेगात आणून चारही चाकं एकदम थांबवून दाखवायची. तिथपर्यंत पोचायच्या आतच ब्रेक सुटेनासे झाले. चाकांतून धूर यायला लागला, गाडी एका अंगाला फिरली आणि कुंपणाला लागून थांबली. तिच्या मनगटाला प्लास्टर होतं. त्यांना शर्यतीत उतरूच दिलं नाही.

नाना लगेच माझ्याकडे वळले. "देखा! कडी सुटनी हुई." त्यांनी पाइप उचलला आणि कटरवर धरून कापला. कडी जागच्या जागी होती. कापलेल्या तोंडातून तेलाचा ओघळ त्यांच्या बोटांवर आला. ते बोटांकडे बघत राहिले.

मी ड्रॉवरमधून माहितीपत्रक काढलं. उभी राहिले आणि वर्गात वाचायची तसं मोठ्याने, थांबत थांबत वाचलं. खनिज तेल वापरू नये. वापरल्यास सील फुगतात. ब्रेक निकामी होतात. मग वर बघून विचारलं, "नाना, कळलं? की पुन्हा वाचू?"

कोणी हसलं नाही. नानांनी ते फुगलेलं सील उचलून अंगठ्याने दाबून बघितलं. पुन्हा पुन्हा दाबलं. मग त्या मुलीला म्हणाले, "चुकी मनी शे, बेटा." चाळीस वर्षांत हे वाक्य त्या दुकानात कोणी ऐकलं नसेल.

मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "ताई, तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी तुम्हाला विचारलं होतं." मी पत्रकाची घडी घालत राहिले. ती गेली. नंतर मी तिला दोनदा फोन लावला, तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायचं धाडस झालं नाही.

मशीन धुळ्याला गेलं नाही. त्याच आठवड्यात रात्री जेवताना नाना म्हणाले, "मशीन ऱ्हाऊ दे तुनाजवळ." मी वाढत होते. मी बरं म्हटलं.

महिनाभर ते दुकानात आलेच नाहीत. मग एका सकाळी आले, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. आबांची जेसीबी पाचोऱ्याजवळ अडकली होती, त्यांना पाइप तातडीने हवा होता. मी कडी चढवली. तेवढ्यात नाना उठले आणि मशीनजवळ येऊन त्यांनी हात पुढे केला.

"एक मी दाबू का?" त्यांनी विचारलं. माझ्याशी बोलताना ते कधी प्रमाण मराठी बोलत नसत.

मी म्हटलं, "दाबा की. पण नाना, तेल कोणतं घालाल?"

बाकावरचा एक जण फिसकन हसला. आबा नाही हसले. नानांनी हात मागे घेतला, पायजम्याला पुसला, काही लागलेलं नसताना. दारात चपला शोधायला त्यांना फार वेळ लागला. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, माझं काम राहू दे," आबा म्हणाले. "रिक्षापर्यंत सोडून ये त्यांना."

"दोनच मिनिटं," मी म्हटलं आणि मशीन चालू केलं.

नाना त्यानंतर दुकानात आले नाहीत. थंडीत गेले. शेवटच्या दिवसांत ते धुळ्याच्या आत्यांशी बोलायचे, शेजाऱ्यांशी बोलायचे. मी औषध घेऊन गेले की तोंड उघडायचे, औषध घ्यायचे आणि डोळे मिटायचे.